गिअरबॉक्स पाहायला दोघं लागतात

आमच्या घरात हात उगारल्याशिवाय कोणतीही गोष्ट ठरत नसे. आबांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, औशात लातूर-सोलापूर रस्त्यावर गॅरेज होतं. त्यांच्या हाताला जे लागेल ते आमच्या पाठीत बसायचं. कधी फॅन बेल्ट, कधी पाना, एकदा तर टायर उचकटायची लोखंडी पट्टी. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो मार खाऊन मिस्त्री झाला. मी तेवढाच मार खाऊन काहीच झालो नाही, म्हणून मला शिकवायचं ठरलं.

ही शिकवायची हवा तेव्हा नवीनच सुटली होती. भूकंप होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. डाळमिलची रिकामी गोदामं झाडून त्यात बाकं टाकली जात होती. हरभऱ्याचा बारीक धुराळा अजून भिंतीला असायचा आणि फळ्यावर रसायनशास्त्र चालू असायचं. तिथंही मारायचे. आमचे एक सर उत्तर चुकलं की दोन बोटांमध्ये खडू ठेवून बोटं आवळायचे. आईबाप फी भरून वर सांगून जायचे, सर, हाडं आमची, कातडं तुमचं. दोन वर्षं मी ते सोसलं आणि बारावीला मार्क पडले ते असे की धड नापास नाही आणि डॉक्टर-इंजिनीअर तर मुळीच नाही. लातुरात अशांना नाव होतं, रिपीटर. एक वर्ष पुन्हा बसायचं, पुन्हा क्लास, पुन्हा खोली. मला ते वर्ष हवं होतं. इतकं हवं होतं की रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. ते मिळालं नाही तर फॅन बेल्टखाली जन्म जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

भावाला हवी होती जीप.

जीप मिलिटरीच्या लिलावातली, जुनी, चारही चाकांना जोर असलेली. आबांनी आणली ती पत्र्याच्या भावात, पण उभी केली भावानं, एकेक बोल्ट खोलून. भूकंपाच्या सकाळी हादरे अजून बसत होते तेव्हा तो जीपमध्ये साखळदंड टाकून पडझडीच्या खेड्यांत गेला. चार दिवस परत आला नाही. नंतर एकदाच त्यानं मला त्यातलं सांगितलं. मातीत रचलेल्या दगडांची घरं बसली होती आणि गल्ल्या कुठल्या, हेच कळत नव्हतं. जीप दिसली की माणसं अंगावर धावून यायची. एकानं कोयता काढून भावाच्या मानेला लावला, आधी माझ्या घराकडं चल म्हणून. दुसऱ्यानं त्या कोयतेवाल्याच्या डोक्यात धोंडा घातला, कारण त्याचंही घर होतं. रक्तानं डोळा भरलेला तो माणूस तरीही पायदानावर उभा राहिला आणि भाऊ त्याच्याच घराकडं गेला. तुळईला साखळी बांधली, सगळ्यात सावकाश, सगळ्यात जोराच्या गिअरमध्ये जीप घातली आणि ओढलं. तुळई निघाली. तिच्यामागून त्याची बायकोही निघाली, पण मेलेली. त्या माणसानं बॉनेटवर दोन्ही मुठी आपटून आपटून पत्र्याला खड्डे पाडले आणि भाऊ आत बसून राहिला. त्याच ओढीत खाली कुठंतरी कडाड वाजलं होतं.

तेव्हापासून ती पेटी किरकिरत होती. पेटी म्हणजे गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला लोखंडी डबा. गिअरबॉक्समधून आलेला जोर तो मागच्या चाकांना देतो, आणि दुसरा दांडा ओढला की पुढच्या चाकांनाही. मिस्त्री लोक तिला ट्रान्सफर म्हणत. ती गेली की चारच काय, दोन चाकंही फिरत नाहीत. भावानं ती तशीच दामटली. पहाटे औशातून आणि आजूबाजूच्या खेड्यांतून क्लासची पोरं कोंबून लातूरला सोडायची, संध्याकाळी आणायची. आपल्या जोरावर चालणारा आयुष्यातला त्याचा हा पहिला धंदा. मग एका मे महिन्यात पेटीतले दात सुटले आणि त्यांनी गिअरबॉक्सही खाल्ला. जीप गॅरेजमागं बाभळीखाली उभी राहिली.

जेवताना आबांनी निकाल दिला. घरात एकाच गोष्टीला पुरेल एवढं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"नांदेडला जुन्या मालात गिअरबॉक्स आन पेटी जोडीनं मिळून राह्यली, आसं कळालंय," ते म्हणाले. "दोघं जा. माल चांगला निघला तर आना, जीप चालू करा, आन हा गॅरेजात बसंल. माल खराब निघला तर जीप भंगारात घालतो आन ह्याला रिपीट करू द्या."

मी भावाकडं पाहिलं. तो भाकरी कुस्करत होता. आबांनी मलाच का पाठवलं, हे मला आजवर उमगलेलं नाही. गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं हे खरं, पण मला वाटतं, भाऊ-भाऊ आहेत एवढाच त्यांनी विचार केला असावा.

दोघं लागायचे ते आबांच्या पद्धतीमुळं. जुना गिअरबॉक्स डोळ्यांनी पाहायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. तेल लावलेला दात डोळ्याला चांगलाच दिसतो. एकानं झाकण काढून बोटं आत घालायची, डोळे मिटायचे आणि एकेक दात चाचपायचा: धार बोथट झालीय का, टवका उडालाय का, मुळाशी तडा आहे का. दुसऱ्यानं इंजिनाकडच्या शाफ्टवर जुनी क्लच प्लेट खोचायची आणि ती दोन्ही हातांत स्टिअरिंगसारखी धरून बसायचं. चाचपणाऱ्यानं हात बाहेर काढला की "हां" म्हणायचं. मग फिरवणाऱ्यानं प्लेट जराशी फिरवायची. पुढचे दात समोर आले की "बस". मग पुन्हा बोटं आत. "हां" ऐकल्याशिवाय फिरवायचं नाही आणि हात काढल्याशिवाय "हां" म्हणायचं नाही. हे नियम आमच्या पाठीवर लिहिलेले होते.

नांदेडच्या त्या आवारात आम्ही उतरलो तेव्हा उन्हानं पत्रे तडतडत होते. फुटलेल्या ट्रकांची तोंडं, उलटे केलेले एक्सल, गॅसकटरच्या ठिणग्या. मालवाला साठीचा, दंडानं भक्कम, आणि तोंडानं अतिशय गरम होता. आम्ही पोचलो तेव्हा तो एका गिऱ्हाइकाला शिव्या देत होता आणि ते गिऱ्हाईक हातात जॅकचा दांडा घेऊन उभं होतं. मालवाल्यानं तो दांडा हिसकावून त्याच्याच पायावर घातला. माणूस लंगडत, आईबहीण काढत गेला. मग मालवाला आमच्याकडं वळून अगदी सहज म्हणाला, "बोला मिस्त्री."

भाऊ त्याला चाचा म्हणाला आणि कामाला लागला. त्याचं काम पाहणं हा एक प्रकारच होता. मला त्याचा हेवा वाटायचा आणि म्हणूनच राग यायचा. आधी त्यानं माल आपल्याच जातीचा आहे का ते पाहिलं. अंगावर चांदीचा रंग फासला होता. तो स्क्रूड्रायव्हरनं खरवडून त्यानं ओतीव आकडा उघडा केला आणि बोटानं वाचला. झाकणाचे बोल्ट मोजले. पुढच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट कोणत्या अंगाला निघतो ते पाहिलं, कारण तो शाफ्ट ज्यात बसतो तो आमच्या जीपच्या पुढच्या एक्सलचा गोळा उजव्या अंगाला होता आणि शाफ्ट डावीकडं निघता तर सगळं फुकट. शाफ्ट उजवीकडंच होता. मग पहिल्या गिअरमध्ये घालून, पेटीचा सावकाश गिअर टाकून त्यानं खडूनं दोन्ही टोकांना खुणा केल्या. मी क्लच प्लेट फिरवत गेलो. इकडं सात फेऱ्या झाल्या तेव्हा तिकडं एक झाली, आमच्या जीपला हवी तशीच.

"बराब्बर," भाऊ म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू आलं.

मग आतून रॉकेल ओतलं, बाहेरून खडू चोळला आणि आम्ही वाट पाहत बसलो. कुठं बारीक तडा असता तर खडूवर ओली रेघ उमटली असती. मी त्या पांढऱ्या अंगाकडं टक लावून बसलो होतो. देवाला मी कधी काही मागितलं नाही. त्या दिवशी एक रेघ मागितली. उमटली नाही.

रॉकेल ओतण्याआधी काढून ठेवलेलं तेल काळं होतं, पण स्वच्छ. भावानं चिमटीत चोळलं, वास घेतला. लोखंडाचा कण नाही. गिअरबॉक्सचे दात चाचपून झाले. ठणठणीत. आता राहिली होती पेटी.

तेव्हा मी तोंड उघडलं. मी म्हणालो, "तेलात भुसा हाय."

आवाज दाबायला जुन्या गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालतात, ही लबाडी सगळ्यांना ठाऊक होती. या तेलात भुसा नव्हता. होतं ते फडक्याचं एक सूत. मालवाला उठला. त्यानं तेलाच्या डब्यात मूठ बुडवली, ती माझ्या तोंडासमोर उघडली आणि दुसऱ्या हातानं माझी कॉलर धरली.

"दाव. कुठं हाय भुसा? पस्तीस साल झाले हितं बसून, भुसा म्हनतो मला?"

"हाय, हाय," मी म्हणालो. "आन शाफ्ट बी हलून राह्यलाय. सगळा माल चोरीचा दिसतो."

त्यानं मला असं ढकललं की मी एक्सलवर आपटलो. त्यानं हातोडा उचलला. मीही हाताला लागलेला लोखंडाचा तुकडा उचलला. भाऊ मध्ये पडला. त्यानं चाचाचा हात धरून हातोडा खाली घ्यायला लावला, त्याची माफी मागितली, मग माझ्याकडं वळला आणि माझ्या थोबाडीत मारली. एक नाही, दोन. दुसरीला माझा ओठ फुटला. गॅसकटरवाला काम थांबवून बघत होता.

"का खोटं बोलून राह्यलास, मला समजत न्हाई का?" भाऊ हळू आवाजात म्हणाला. "माल लई चांगला हाय. गप बस आन प्लेट धर."

मी बसलो. कान वाजत होता, तोंडात रक्ताची चव होती. मार मला नवा नव्हता. पण भावानं मला कधी मारलं नव्हतं. आबांच्या बेल्टखाली तो माझ्यावर आडवा पडलेला आहे. त्या दिवशी त्यानं मारलं ते जीपसाठी, असं मला वाटलं, आणि मला त्याची इतकी चीड आली की मी प्लेट करकचून आवळली.

पेटी गिअरबॉक्ससकट दोन ओंडक्यांवर उलटी ठेवली होती. तळाची पत्र्याची ताटली काढलेली. भावानं उजव्या हाताची दोन बोटं आत घातली, डोळे मिटले आणि चाचपायला लागला. "हां." मी फिरवलं. "बस." पुन्हा बोटं. "हां." "बस." सात-आठ वेळा झालं. त्याचा चेहरा शांत होत चालला होता. तो त्या आवारात नव्हताच बहुतेक. औसा-लातूर रस्त्यावर असावा.

मग त्यानं पुन्हा बोटं घातली आणि मी फिरवलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून नीट सांगतो. तो "हां" म्हणाला नव्हता. त्याची बोटं आत आहेत हे मला दिसत होतं. माझा हात घसरला नाही, मला भास झाला नाही. मी त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडं पाहिलं आणि प्लेट फिरवली. अर्धी फेरी. आज मी लातुरात फिजिक्सचा क्लास घेतो आणि दर वर्षी फळ्यावर गिअरची आकृती काढून सांगतो की फेऱ्या कमी होतात तेवढ्या पटीनं जोर वाढतो. मनगटाला काही कळलंसुद्धा नाही. भिजलेली शेंग फुटावी तेवढंच जाणवलं.

तो ओरडला नाही. आधी त्याचे डोळे उघडले, मग तोंड. आवाज नंतर आला. तो हात ओढायला लागला आणि हात येईना. चाचा धावला. "अरे उलटा घुमा! उलटा!" मला म्हणत होता. मी प्लेट सोडून उभा राहिलो होतो. त्यानं मला लाथ घालून बाजूला केलं आणि स्वतः प्लेट उलटी फिरवली. ज्या वाटेनं बोटं आत गेली त्याच वाटेनं ती परत आली, दातांमधून, दुसऱ्यांदा. तेव्हा भावानं जी किंकाळी फोडली ती आवाराबाहेर चहाच्या गाड्यापर्यंत गेली असणार, कारण माणसं आत पळत आली. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींचं दुसऱ्या पेरापासून पुढं काही उरलं नव्हतं. तेलात रक्त मिसळून काळंलाल होत होतं. चाचानं डोक्याचा रुमाल सोडून हात करकचून बांधला, भावाला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यापर्यंत मांडीवर धरून आणलं. ज्याला मी चोर म्हणालो होतो, तो रडत होता. मी रडत नव्हतो.

टाके घालून झाल्यावर भाऊ शुद्धीवर होता. मी खाटेशेजारी उभा होतो. त्यानं पट्टीकडं पाहिलं. मग म्हणाला, "मी 'हां' म्हनलो व्हतो का रे?"

मला तेव्हाही सांगता आलं असतं.

"हाव," मी म्हणालो.

त्यानं माझ्या फुटलेल्या ओठाकडं पाहिलं. "मंग म्हनलो आसंल," तो म्हणाला आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी आबा एसटीनं आले. वॉर्डात शिरले, पट्टी पाहिली आणि विचारलं, काय झालं. मी काही बोलायच्या आधी भाऊ म्हणाला, "माझीच चूक हाय आबा. हात काढायच्या आदी 'हां' म्हनलो. ह्यानं फिरवलं." आबांनी ते ऐकून घेतलं आणि खाटेवर पडलेल्या त्या माणसाच्या कानाखाली आवाज काढला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी बाई उठून बसली. "कवापास्नं शिकवलं तुला?" आबा ओरडत होते. "हाडं मोडस्तोर शिकवलं ना?" त्यांनी दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा नर्स मध्ये आली. भावानं दुखऱ्या हातानं नव्हे, चांगल्या हातानं तोंड झाकलं होतं. दुखरा हात त्यानं पांघरुणाखाली लपवला होता, आबांना दिसू नये म्हणून. आणि मी खाटेच्या पायथ्याशी, लोखंडी दांडीला धरून उभा होतो. माझ्या अंगावरचा मार दुसऱ्यानं खाल्ला हे मी पाहिलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज मला त्या अर्ध्या फेरीपेक्षा जास्त वाटते.

माल चांगला होता. चाचानं निरोप पाठवला की पेटी ठेवून घेतो, मिस्त्रीचा हात बरा झाला की घेऊन जा. पण जखम चिघळली, पाऊस लागून गेला, क्लास सुरू झाले आणि औशाची पोरं दुसऱ्याच्या जीपमध्ये बसायला लागली. एक दिवस भाऊच आबांना म्हणाला, "जीप इकून टाका. ह्याला रिपीट करू द्या. आता माझ्याच्यानं ती उभी ऱ्हाईना." भंगारवाले आले, जीप गॅसकटरनं कापली आणि तुकडे टेम्पोत भरले. भाऊ तोवर गॅरेजात कुणाच्या तरी स्कूटरचा प्लग साफ करत बसला होता, डाव्या हातानं.

ते वर्ष मी कसं काढलं ते विचारू नका. खोलीत कडी लावून, जेवण विसरून, भिंतीवर डोकं आपटून. माझ्याकडं नापास व्हायची सोयच उरली नव्हती. इंजिनीअरिंगला नंबर लागला. तार नाही, फोन नाही. मी स्वतःच औशाला आलो आणि उंबऱ्यात उभं राहून सांगितलं. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर उघडा हात ठेवला आणि मी अंग चोरलं.

भाऊ धावत जाऊन पेढे घेऊन आला. डाव्या हातानं त्यानं पेढा माझ्या तोंडापाशी आणला, तशी माय खेकसली, "आरं, डाव्या हातानं गोड देतेत का?" तो हसला. पेढा उजव्या हातात घेतला, अंगठा आणि उरलेल्या बोटांमध्ये. पकड बसेना. पेढा दाबला जाऊन फुटला, निम्मा माझ्या शर्टावर पडला. त्यानं तो वेचून घेतला आणि पुन्हा त्याच हातानं वर आणला. बोटांचे ते दोन आखूड शेंडे माझ्या ओठांपाशी होते. मला वाटलं, आता सांगावं. सगळे आहेत, माय आहे, आबा आहेत, मारलं तर मारू द्या. मी सांगायला तोंड उघडलं आणि भावानं पेढा आत घातला. मी खाल्ला.